युरोपात मल्टिमीडिया रिट्रीव्हलमध्ये पीएचडीची जागा: अर्जाची तयारी कशी करावी

हजार तासांचा व्हिडिओसंग्रह समोर आहे आणि हाताशी फक्त एवढी आठवण: कोणीतरी लाल छत्री घेऊन पुलावरून चाललं होतं, मागे ट्राम होती. तेवढ्यावरून नेमका तो क्षण शोधून देणारी यंत्रणा बांधणं म्हणजे मल्टिमीडिया रिट्रीव्हल. फोटो, व्हिडिओ, आवाज, पडद्यावरची अक्षरं, बोललेले शब्द हे सगळं त्यात येतं. या विषयावर काम करणारे गट बासेल, आम्सटरडॅम, प्रागचं चार्ल्स विद्यापीठ, क्लागेनफुर्ट, डब्लिन सिटी युनिव्हर्सिटी, कोपनहेगनची आयटी युनिव्हर्सिटी अशा ठिकाणी आहेत आणि पीएचडीच्या जागा त्यांच्याकडे प्रकल्पाला पैसा मिळेल तशा निघतात.

नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, डेन्मार्क इथे अशी जागा म्हणजे मुख्यतः नोकरी असते. करार असतो, पगार असतो, रजा असते. म्हणून तुमचा अर्जही नोकरीच्या अर्जासारखा वाचला जातो. गुणपत्रिका चाळणीपुरती पाहतात. त्यापुढे प्रश्न एकच असतो: हा माणूस आला तर काम सुरू करू शकेल का? याचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे तुम्ही स्वतः बांधलेली, मोजलेली आणि कुठे फसते ते ओळखलेली एक छोटी शोधयंत्रणा. प्रमाणपत्रांच्या ढिगापेक्षा ती कितीतरी जास्त बोलते, म्हणून या लेखाचा मोठा भाग तिच्यावरच आहे.

जाहिरात नीट वाचणं

जागा विद्यापीठांच्या नोकरी-पानांवर, युरॅक्सेस या युरोपभरच्या संशोधन-नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर आणि नेदरलँड्ससाठी अकॅडेमिकट्रान्सफर या संकेतस्थळावर येतात. जाहिरात हाती आली की आधी एक गोष्ट ठरवा: विषय ठरलेला आहे की तुम्ही सुचवायचा आहे? प्रकल्पाच्या पैशातून निघालेल्या जागेत विषय ठरलेला असतो. तिथे स्वतःचा भलताच प्रस्ताव पाठवणारे पहिल्या फेरीतच गळतात. विभागाच्या किंवा डॉक्टरेट स्कूलच्या जागेला मात्र एक-दोन पानांचा प्रस्ताव मागतात आणि तो नसेल तर अर्ज अपुरा धरतात.

पात्रतेत मास्टर्स पदवी बहुतेक ठिकाणी लागतेच. नुसत्या बीई किंवा बीटेकवर दार उघडेल असं गृहीत धरू नका. एमटेकचा निकाल लागायचा असेल, तर किती तारखेपर्यंत लागेल ते अर्जात स्पष्ट लिहा. जर्मनीसाठी आपलं विद्यापीठ अनाबिन या परदेशी विद्यापीठांच्या जर्मन यादीत कसं नोंदलं आहे ते पाहून ठेवा. एच-प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) असेल तर पुढचा त्रास वाचतो.

पगाराची ओळही अर्थ लावून वाचावी लागते. जर्मन जाहिरातीत 'टीव्ही-एल ई१३, ७५ टक्के' असं असेल, तर ई१३ ही सरकारी वेतनश्रेणी आणि ७५ टक्के म्हणजे पूर्ण पगाराचा तेवढा हिस्सा. नेदरलँड्समध्ये साधारण चार वर्षांची जागा असते, पण पहिला करार १२ ते १८ महिन्यांचा असतो आणि मूल्यमापनानंतर तो वाढतो. ही नेहमीची पद्धत आहे, त्यात धोका शोधू नका.

गटाचं काम वाचणं

गटाचे गेल्या तीन वर्षांतले चार-पाच पेपर वाचा. प्रत्येकाबद्दल तीन वाक्यं लिहा: काय केलं, कशावर मोजलं, काय उरलं. एसीएम मल्टिमीडिया, आयसीएमआर, एमएमएम, सीबीएमआय आणि शोधाकडे झुकणारं असेल तर सिगिर, ईसीआयआर या परिषदांत हे काम छापून येतं.

या क्षेत्रात स्पर्धांना फार महत्त्व आहे, ते समजून घ्या. ट्रेकव्हिड ही अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणन-संस्थेने २००१ मध्ये सुरू केलेली मोजमापाची मोहीम. व्हिडिओ ब्राउझर शोडाउन २०१२ पासून एमएमएम परिषदेबरोबर भरतो. तिथे सगळे संघ एका दालनात बसतात, पडद्यावर छोटीशी क्लिप दिसते किंवा वर्णन टप्प्याटप्प्याने उलगडतं आणि काही मिनिटांत संग्रहातला तोच तुकडा शोधून पाठवायचा असतो. उशीर झाला की गुण घटतात, चुकीचं उत्तर पाठवलं तरी घटतात. संग्रह म्हणून व्ही३सी वापरतात. त्याच्या पहिल्याच भागात ७,४७५ व्हिडिओ, सुमारे १,००० तास आणि १०,८२,६५९ शॉट (कॅमेऱ्याने सलग घेतलेले तुकडे) आहेत. अलीकडे पाण्याखालच्या डायव्हिंगचे व्हिडिओही घेतले आहेत, कारण तिथे प्रत्येक शॉट निळा आणि एकमेकांसारखा दिसतो. २०१८ पासून आयसीएमआरमध्ये लाइफलॉग सर्च चॅलेंज होतं. त्यात अंगावरच्या कॅमेऱ्याने दिवसभर टिपलेल्या फोटोंत शोध घ्यायचा असतो.

ज्या गटाकडे अर्ज करता तो यांपैकी कुठे उतरतो आणि त्यांची यंत्रणा कोणती, हे माहीत असायलाच हवं. बासेलच्या गटाची व्हिट्रिव्हर ही यंत्रणा मुक्तस्रोत आहे. ती उतरवून, चालवून, थोडी खेळून पाहिलेला उमेदवार मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

छोटी शोधयंत्रणा: काय बांधायचं

दहा तासांचा व्हिडिओ पुरे. मुक्त परवान्याचाच घ्या; इंटरनेट आर्काइव्हवर भरपूर मिळतो. प्रत्येक फाइलचा परवाना एका तक्त्यात नोंदवा. युरोपात चेहरे आणि खासगी माहितीबद्दलचे नियम कडक आहेत, आणि 'डेटा कुठून आणला?' हा प्रश्न मुलाखतीत येतोच.

आधी शॉट वेगळे करा. ट्रान्सनेट व्ही२ हे प्रागच्या गटाचं मॉडेल यासाठी चांगलं आहे; पायसीनडिटेक्ट या साधनानेही भागतं. मग एफएफएमपेग या व्हिडिओ-साधनाने दर दोन सेकंदाला एक फ्रेम काढा. दहा तास म्हणजे ३६,००० सेकंद, म्हणजे १८,००० फ्रेम. इथे पहिला खड्डा आहे. मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओंचा फ्रेमरेट बदलता असतो. फ्रेमचा क्रमांक भागिले २५ असं करून वेळ काढलीत, तर व्हिडिओच्या शेवटाकडे उत्तर बऱ्याच सेकंदांनी सरकलेलं असेल. वेळ नेहमी फ्रेमच्या टाइमस्टॅम्पवरून घ्या.

प्रत्येक फ्रेम क्लिप (CLIP) मॉडेलमधून काढा. ओपनएआयने २०२१ मध्ये आणलेल्या या मॉडेलमुळे मजकूर आणि चित्र एकाच अवकाशात मांडता येऊ लागलं आणि या क्षेत्राची घडीच बदलली. त्याच्या व्हिट-बी/३२ या छोट्या आवृत्तीत प्रत्येक फ्रेमचे ५१२ आकडे होतात; आकड्यांच्या या ओळीला व्हेक्टर म्हणतात. चार बाइटचा एक आकडा धरला तर १८,००० फ्रेमचा सगळा इंडेक्स ३७ एमबीच्या आत बसतो. त्यात शोधायला नमपायमधला एक मॅट्रिक्स-गुणाकार पुरतो, साध्या लॅपटॉपवर काही मिलिसेकंदांत. एवढ्याशा डेटासाठी एचएनएसडब्ल्यूसारखा अंदाजी इंडेक्स किंवा व्हेक्टर डेटाबेस लावू नका. लावलात तर 'का लावला?' असं विचारतील आणि उत्तर नसेल. एक कोटी फ्रेम झाल्या की हेच गणित २० जीबीवर जातं. तिथे अंदाजी इंडेक्स, प्रॉडक्ट क्वांटायझेशन (व्हेक्टर दाबून लहान करणं), फाइस (त्यासाठीचं तयार सॉफ्टवेअर) यांची खरी गरज पडते. हा हिशेब तोंडपाठ असू द्या.

चित्रांच्या बाबतीत दोन चुका अशा आहेत की त्या कुठलीच एरर देत नाहीत, नुसता दर्जा खालावतात. पहिली: ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने देतं, मॉडेलला लाल-हिरवा-निळा हवा असतो. क्रम उलटला तरी निकाल येतात आणि बरे वाटतात, पण लाल छत्रीच्या जागी निळी वर येते. दुसरी जास्त छुपी आहे. मॉडेल २२४ बाय २२४ चा चौकोन घेतं आणि नेहमीची प्रक्रिया फ्रेमच्या मधला चौकोन कापते. व्हिडिओ १६:९ चा असेल तर रुंदीचा ५६ टक्के भागच उरतो. डावी-उजवीकडची प्रत्येकी २२ टक्के पट्टी मॉडेलला दिसतच नाही. अंगणात मधोमध रांगोळी आणि कडेला टेकवलेली सायकल असा शॉट असेल, तर 'सायकल' या शोधाला तो कधीच सापडणार नाही. उपाय: पूर्ण फ्रेम दाबून चौकोनात बसवा, किंवा डावा, मधला, उजवा असे तीन चौकोन घेऊन त्यातला सर्वांत जास्त गुण धरा. दोन्ही करून आकडे शेजारी शेजारी मांडा. एवढी एक तुलनासुद्धा अर्जात शोभून दिसते.

व्हेक्टरची लांबी एकवर आणा, मगच गुणाकार करा. निकाल शॉटनुसार गोळा करा, नाहीतर एकाच शॉटच्या दहा फ्रेम पहिल्या दहा जागा अडवून बसतात.

मग आवाज. व्हिस्पर या बोलणं मजकुरात उतरवणाऱ्या मॉडेलने बोललेलं लिहून काढा. त्याला मराठीही येते. पण नुसतं संगीत किंवा शांतता असली की ते नसलेली वाक्यं रचतं, म्हणून आधी बोलण्याचे तुकडे वेगळे काढून तेवढेच त्याला द्या. मजकुरावर बीएम२५ या शब्दांवरून शोधणाऱ्या पद्धतीने शोध लावा. आता दोन याद्या हाती आल्या, चित्रांची आणि बोलण्याची. त्यांचे गुण सरळ बेरजेत घालू नका. क्लिपमध्ये अगदी बरोबर जोडीचंही साम्य ०.३ च्या आसपास असू शकतं, तर बीएम२५चा गुण २० वर जाऊ शकतो. त्याऐवजी क्रमांकावर आधारित मिश्रण करा: प्रत्येक यादीतल्या स्थानात ६० मिळवून त्याचा व्यस्त घ्या आणि ते व्यस्त बेरजेत घाला. याला रेसिप्रोकल रँक फ्यूजन म्हणतात. सोपं आहे आणि हरवायला अवघड आहे.

मोजणं

बहुतेक अर्जांतले प्रकल्प इथे संपतात: छान दिसणारं पान, तीन सुंदर उदाहरणं, बस. मोजमाप असलं की तुमचा अर्ज वेगळ्या ढिगात जातो.

ज्यांनी तुमची यंत्रणा पाहिलेली नाही अशा दोघा-तिघांना बसवा. संग्रहातली २० सेकंदांची क्लिप दाखवा, बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि आठवेल ते इंग्रजीत लिहायला सांगा. माणसं 'ओट्याजवळ उभी बाई, बहुतेक हिरवी साडी, काहीतरी तळतेय' असं लिहितात, आणि खरी क्वेरी (शोधासाठी दिलेला मजकूर) अशीच असते. क्वेरी स्वतः लिहू नका. तुम्हाला संग्रह पाठ झालेला असतो आणि नकळत मॉडेलला कळतील असेच शब्द तुम्ही निवडता.

अशा ६० क्वेरी जमवा. २० वर हवे ते फेरफार करा. उरलेल्या ४० शेवटपर्यंत उघडू नका. प्रत्येक क्वेरीला बरोबर शॉट कितव्या स्थानावर आला ते नोंदवा आणि तीन आकडे द्या: पहिल्या स्थानावर किती टक्के, पहिल्या दहात किती टक्के, आणि स्थानाचा मध्यक. सरासरी स्थान देऊ नका. एक क्वेरी नऊ हजारावर गेली की सरासरीला अर्थ उरत नाही. आणि हे विसरू नका की ४० क्वेरींत एक क्वेरी म्हणजे अडीच टक्के. ६० वरून ६५ टक्के झालं म्हणजे दोन क्वेरी सुधारल्या, एवढंच. त्यावर 'आमची पद्धत सरस' असं लिहिलंत, तर वाचणारा तिथेच थांबतो. बूटस्ट्रॅपने (त्याच क्वेरींतून पुन्हा पुन्हा नमुने उचलून) आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ते काढा, किंवा कुठल्या दोन क्वेरी आणि का सुधारल्या ते सरळ सांगा.

मोठ्या संग्रहांबद्दलही हीच सावधगिरी बाळगा. एमएसआर-व्हीटीटी या व्हिडिओ आणि वर्णनांच्या संग्रहात १०,००० क्लिप आणि २ लाख वर्णनं आहेत. त्याच्या हजार क्लिपच्या नेहमीच्या चाचणी-विभागणीला वेगळा पडताळणी-भाग नाही, म्हणून बऱ्याच पेपरांत सर्वोत्तम मॉडेल चाचणीच्याच आकड्यांवर निवडलेलं असतं. ते आकडे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवली आहे हे तुमच्या लिहिण्यातून दिसलं पाहिजे.

शेवटी फसलेल्या सगळ्या क्वेरी एकेक करून पाहा आणि कारण लिहा. काही कारणं हमखास सापडतील. 'कुत्रा नसलेलं अंगण' मागितलं की कुत्रेच येतात, कारण मॉडेलला नकार नीट कळत नाही. मोजणी फसते. डावं-उजवं फसतं. फ्रेममधल्या पाटीवरचा शब्द मॉडेल वाचतं आणि वस्तूऐवजी पाटीलाच भुलतं. लांबलचक वर्णन दिलं तर ७७ टोकननंतरचं (टोकन म्हणजे शब्द किंवा त्याचा तुकडा) मॉडेल पाहतच नाही.

मराठी क्वेरी: स्वतःचं म्हणता येईल असं काम

ही जागा आपल्यासाठी खरोखर मोकळी आहे. मूळ क्लिप मुख्यतः इंग्रजी मजकुरावर शिकलेलं आहे. मराठी क्वेरी दिली की निकाल ढासळतात. सिगलिप २ सारखी बहुभाषिक मॉडेलं आहेत, पण मराठीत ती किती चालतात हे मोजायला साधन तोकडं आहे. चित्रशोधासाठी वापरल्या जाणाऱ्या क्रॉसमोडल-३६०० या संग्रहात ३६ भाषा आहेत. हिंदी, बंगाली, तेलुगू आहेत, मराठी नाही.

म्हणून त्याच ६० क्वेरी मराठीत लिहून घ्या आणि चार प्रकारे चालवा: क्लिपला थेट मराठी, बहुभाषिक मॉडेलला मराठी, भाषांतर करून इंग्रजी, आणि माणसाने लिहिलेलं इंग्रजी. कुठे काय हरवतं ते पाहा. वारीच्या व्हिडिओत 'डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई' आणि 'डोक्यावर कळशी घेतलेली बाई' यांत मॉडेल फरक करतं का? भाषांतरात 'वृंदावन'चं गावाचं नाव होतं का? अशी २० उदाहरणं नीट वर्गवारी करून मांडलीत, तर बासेल असो की डब्लिन, समोरच्याला त्यातून नवीन काही कळतं.

सगळं गिटहबवर ठेवा. वाचा-मला (README) फाइलमध्ये पहिल्या पडद्यावरच निकालाचा तक्ता, मग फसलेल्या क्वेरी, मग चालवायच्या आज्ञा. नव्या संगणकावर उतरवून स्वतः चालवून पाहा. आवृत्त्या न लिहिल्यामुळे न चालणारा कोड हा सगळ्यात नेहमीचा दोष आहे.

कागदपत्रं

सीव्ही दोन पानांचा. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, तळाशी 'वरील माहिती खरी आहे' हे सगळं काढून टाका. गुण कितीपैकी ते लिहा: नुसतं ८.४ नको, १० पैकी ८.४. पैसे भरून आठवड्यात छापून आलेला पेपर यादीत असेल तर तोही काढा. कॉलेजात त्याचे गुण मिळाले असतील, इथे तो विश्वास कमी करतो. एकही पेपर नसला तरी चालतं.

पत्र एक पान, फार तर सव्वा. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण आणि कोणत्या जागेसाठी, संदर्भ क्रमांकासह. दुसऱ्यात तुमची यंत्रणा, आकड्यांसकट. तिसऱ्यात त्यांच्या एखाद्या पेपरमधला उरलेला प्रश्न आणि तो तुम्हाला कुठून हाताळावासा वाटतो. 'आपलं संशोधन मला अत्यंत प्रेरणादायी वाटतं' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. त्याऐवजी असं लिहा: 'तुमच्या यंत्रणेत वापरकर्त्याला क्वेरी सुधारायला मदत मिळते, पण क्वेरी दुसऱ्या भाषेत असेल तर काय होतं ते तपासलेलं नाही, माझ्या ४० मराठी क्वेरींत निम्म्या इथेच अडल्या.' अर्थात आकडा तुमचा खरा निघालेलाच घाला.

शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना तीन आठवडे आधी विचारा. सोबत सीव्ही, प्रकल्पाचा दुवा आणि तुमच्या कामाचे चार मुद्दे पाठवा. विभागप्रमुखांनी मोघम लिहिलेल्या पत्रापेक्षा तुमचा कोड पाहिलेल्या मार्गदर्शकाचं पत्र मोलाचं. बऱ्याच ठिकाणी पत्र त्यांच्या संस्थेच्या ईमेलवरूनच लागतं, खासगी जीमेल चालत नाही. ते आधी पाहून घ्या. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून मिळायला वेळ लागतो, जाहिरातीची वाट न पाहता काढून ठेवा. जाहिरातीत एकच पीडीएफ मागितली असेल तर एकच द्या.

मुलाखत

वेळ नीट तपासा. मध्य युरोपची सकाळी दहाची वेळ हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी अडीच असते, उन्हाळ्यात दीड. घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, त्या आठवड्यात हमखास घोळ होतो.

साधारणपणे १० ते १५ मिनिटांचं सादरीकरण मागतात. सात-आठ स्लाइड पुरेत, त्यातल्या दोन फसलेल्या क्वेरींच्या. थेट डेमो दाखवणार असाल तर त्याचं चित्रीकरण हाताशी ठेवा, नेट दगा देतं. प्रश्न बहुतेक या धर्तीचे असतात: डेटा हजारपट झाला तर काय मोडेल? साम्य मोजायला कोसाइन का, युक्लिडियन अंतर का नाही? लांबी एकवर आणल्यावर दोन्हींचा क्रम तोच येतो, हे माहीत हवं. वापरकर्त्याला पहिल्या दहात उत्तर दिसलं नाही तर पुढे काय करता येईल? उत्तर येत नसेल तर कसं शोधाल ते सांगा.

तुम्हीही विचारा: पैसा किती महिन्यांचा आहे, शिकवण्याचं काम आठवड्याला किती तास, जीपीयू कोणाबरोबर वाटून घ्यावे लागतात, आधीच्या विद्यार्थ्यांना पीएचडीला किती वर्षं लागली. शक्य असेल तर गटातल्या एका चालू विद्यार्थ्याशी एकट्याने बोलायची विनंती करा. ही विनंती तिथे सर्रास मान्य होते. नाकारली तर ते ध्यानात ठेवा.

ऑफर आली की रुजू व्हायची तारीख व्हिसाला पुरेसा वेळ धरून ठरवा. विद्यापीठं एक-दोन महिने पुढे ढकलायला सहसा तयार असतात. सध्याच्या नोकरीचा राजीनामा सही झालेला करार हातात आल्यावरच द्या, तोंडी होकारावर नको. आणि करार झाला त्याच दिवशी विद्यापीठाच्या निवासकार्यालयाला खोलीसाठी लिहा. आम्सटरडॅममध्ये घर मिळायला व्हिसापेक्षा जास्त दिवस लागू शकतात.